वाजणारे आणि जागणारे

माझा नातू इंग्रजी शाळेत जातो आणि त्याचा मराठी आजोबा घरी बसून त्याचा गृहपाठ करतो, अशी आमच्या घरात श्रमविभागणी आहे. परवा त्याने वही माझ्यापुढे सरकवली. प्रश्न होता, ‘क्लॉक आणि वॉच यांतला फरक लिहा. गुण दोन.’

चौतीस वर्षे कचेरीत इंग्रजी मसुदे खरडलेल्या माणसापुढे दोन गुणांचा प्रश्न तो काय! मी ऐटीत सांगितले, ‘‘लिही. मोठं ते क्लॉक, लहान ते वॉच.’’

‘‘मग आजीच्या उशाशी असतं ते एवढंसं अलार्म क्लॉक?’’

ते घड्याळ खरोखरच पेढ्याएवढे आहे. मी माघार घेतली. ‘‘बरं, असं लिही. भिंतीवर टांगतात ते क्लॉक, मनगटावर बांधतात ते वॉच.’’

‘‘आणि पी.टी.च्या सरांच्या गळ्यात असतं ते स्टॉपवॉच?’’

‘‘ते... गळ्यात असतं,’’ मी म्हणालो.

‘‘अहो, मराठीत दोन्हीला घड्याळच म्हणतात,’’ स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला. ‘‘आपल्या पूर्वजांना हा ताप ठाऊक होता म्हणून त्यांनी एकच शब्द ठेवला. पानं घेतली आहेत, या आता.’’

जेवण झाले, पण ते दोन गुण काही केल्या पचेनात. शेवटी सगळे झोपल्यावर मी कपाटावरचा जाडजूड शब्दकोश खाली काढला. एका शब्दापायी दुसरा शब्द, दुसऱ्यापायी तिसरे पुस्तक असे करता करता रात्रीचे दोन वाजले. ‘वाजले’ हा शब्द मी इथे मुद्दाम वापरतो आहे. का, ते पुढे येईलच.

पहिला धक्का बसला तो असा, की ‘क्लॉक’ या शब्दाचा मुळात वेळेशी काही संबंधच नाही. क्लॉक म्हणजे घंटा. मध्ययुगातल्या लॅटिनमध्ये घंटेला ‘क्लोका’ म्हणत. जर्मन माणूस आजही घंटेला ‘ग्लोके’ म्हणतो आणि फ्रेंच माणूस ‘क्लोश’. युरोपातल्या मठांमध्ये साधूंना दिवसातून अनेकदा प्रार्थनेला बसावे लागे आणि साधू झाला तरी तो माणूसच. घंटा वाजल्याशिवाय हलायचा नाही. ती घंटा वेळेवर वाजवण्यासाठी दात्यांच्या चाकांची यंत्रे आली, आणि पुढे त्या यंत्रालाच ‘घंटा’ म्हणू लागले.

इंग्लंडात सॉल्झबरीच्या कॅथीड्रलमध्ये १३८६च्या सुमाराचे एक लोखंडी घड्याळ ठेवले आहे. त्याला तबकडी नाही. काटे नाहीत. आकडे नाहीत. दोराला बांधलेली वजने हळूहळू खाली उतरतात, चाके फिरतात आणि तास भरला की घंटेवर टोला पडतो. बस्स. ज्याला बघायचे असेल त्याच्यासाठी त्यात काही नाही. सगळे आहे ते ऐकणाऱ्यासाठी. तोंड न दाखवता इतके चोख काम करणारा कर्मचारी मी तरी चौतीस वर्षांत पाहिला नाही.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण मराठी माणसे तरी काय विचारतो? ‘किती वाजले?’ घड्याळात काटे दिसतात, आता तर नुसते आकडे चमकतात. तरी विचारताना आपल्याला ते वाजल्याशिवाय चैन पडत नाही. गाडी ‘सहा वाजता’ सुटते. एखाद्याचे ‘तीनतेरा वाजतात’. जुन्या काळी पाण्यावर छिद्राचे वाटीसारखे भांडे सोडत. ते भरून बुडाले की चोवीस मिनिटांची एक घटका झाली, आणि लगेच जाड पितळी थाळीवर टोला. ही थाळी म्हणजे घडियाल. आपले ‘घड्याळ’ त्याच कुळातले. ‘तास’ हा शब्दसुद्धा फारसीतून आला तो भांड्याचा अर्थ घेऊन. म्हणजे आपला सगळा वेळ हा मुळातला भांड्यांचा आवाज आहे. हे मी सकाळी सौ.ला सांगितले तेव्हा तिने ‘‘मग रोज मी काय वेगळं करते?’’ असे म्हणून भांडी जरा जास्तच आपटली.

बाबर हिंदुस्थानात आला तेव्हा या घडियाल वाजवणाऱ्यांचे त्याला मोठे कौतुक वाटले. पण एक गोष्ट खटकली. रात्री मध्येच जाग आली आणि तीन टोले ऐकू आले, तर ते कुठल्या प्रहराचे तीन, हे अंथरुणातल्या माणसाला कसे कळावे? म्हणून त्याने हुकूम काढला, की घटकांचे टोले झाल्यावर जरा थांबून प्रहराचेही टोले द्यावेत. मोगल साम्राज्य स्थापन करणाऱ्या पुरुषालाही रात्री मध्येच जाग येत होती आणि ‘किती वाजले’ असा प्रश्न पडत होता, हे वाचून मला फार बरे वाटले. माझ्या वयात असे सोबती लागतात.

मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि टॉवरला आईचे नाव दिले. सांगतात असे, की आई जैन धर्म कसोशीने पाळणारी, सूर्यास्तापूर्वी जेवायचे. पण तिला दिसत नव्हते. टॉवरच्या घंटेमुळे कुणाला न विचारता तिला जेवणाची वेळ कळू लागली. गोष्ट खरी असो वा रचलेली, ‘क्लॉक’ या शब्दाचा याहून चांगला अर्थ मला कुठल्या कोशात सापडला नाही. डोळे नसलेल्या बाईलाही वेळ सांगते ते क्लॉक.

आमच्या चाळीत असे एकच क्लॉक होते. समोरच्या खोलीत राहणाऱ्या वकीलकाकांचे. लंबकाचे, काळ्या शिसवी पेटीतले. घड्याळ वकीलकाकांचे, पण टोले सगळ्या चाळीचे. त्यांच्या सातला आमची आई नळावर जायची, त्यांच्या नऊला पोरे शाळेत पळायची आणि त्यांच्या दहाला, कुणाला कितीही रंगात आलेले असो, पत्त्यांचा डाव मोडायचा. एकदा ते तीन दिवस बंद पडले तर चाळीतल्या दोन सासवांचे सुनांशी भांडण झाले. कारण ‘उशीर’ कशाला म्हणायचे याचा निवाडा करायलाच कोणी उरले नव्हते.

क्लॉक सार्वजनिक असते, म्हणून त्यावरून भांडणेही सार्वजनिक होतात. मुंबईइतके हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नसेल. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. भारतीय प्रमाणवेळ ज्या रेखांशावरून मोजतात त्याच्या मुंबई पावणेदहा अंश पश्चिमेला. पावणेदहा चोक एकोणचाळीस. म्हणून मुंबईचा सूर्य प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. आधी १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसनसाहेबांनी (पुण्यातल्या कॉलेजाला नाव आहे तेच) मुंबईला मद्रासची वेळ लावायचा घाट घातला, तेव्हा इतका ओरडा झाला की तो बेत गुंडाळावा लागला. मग १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ आली. गिरणीकामगार खवळले, साहेबाने काटा पुढे ढकलला की झोप आपली कमी होते, हे त्यांना रेखांश न शिकताही समजत होते. महापालिकेनेही आपली घड्याळे मुंबईच्या वेळेवरच ठेवली, आणि हा दोन वेळांचा संसार स्वातंत्र्य मिळाल्यावरही काही वर्षे चालला.

माझे आजोबा त्या काळातले. त्यांना वेळ विचारली की ते आधी विचारायचे, ‘‘कुणाची? आगगाडीची की आपली?’’ मला वाटते, वेळेला ‘आपली’ म्हणणारी ती शेवटची पिढी.

हे झाले क्लॉकचे. आता वॉच.

इथे मला दुसरा धक्का बसला. वॉचचाही वेळेशी मुळात संबंध नाही! ‘वॉच’ म्हणजे जागे राहणे. ‘वेक’ आणि ‘वॉच’ हे सख्खे भाऊ. राखण करायची तर आधी जागे राहायला हवे, म्हणून वॉच म्हणजे पहारा. (वॉचमनने झोपू नये ही अपेक्षा त्याच्या नावातच आहे. आमच्या सोसायटीतल्या वॉचमनला व्युत्पत्ती येत नाही.) पहारा ज्या पाळीत करायचा ती पाळीही वॉच. जहाजावर खलाशांची चार तासांची पाळी असते, तिला आजही वॉचच म्हणतात. पुढे सोळाव्या शतकात न्यूरेंबर्गसारख्या जर्मन शहरांत वजनांच्या जागी स्प्रिंग बसवलेली, अंगावर बाळगता येतील अशी घड्याळे होऊ लागली आणि इंग्रजांनी कालांतराने त्यांना ‘वॉच’ म्हटले. ते पहारेकऱ्यांच्या पाळीमुळे, की झोपलेल्याला जागे करणाऱ्या यंत्रामुळे, यावर पंडितांची दोन मते आहेत. पण कुठूनही आलात तरी मुद्दा जागण्याचाच.

आणि आपल्याकडे? ‘पहारा’ हा शब्द ‘प्रहर’ वरून आला. प्रहर म्हणजे तीन तासांचा काळ. मुळात थाळीवर पडणारा टोला, ‘प्रहार’ या शब्दाचाच भाऊबंद. एका शब्दात टोलाही आला आणि जागणेही आले. इंग्रजाला ज्यासाठी दोन शब्द लागले, ते आपल्या बापजाद्यांनी एकात उरकले. सौ.चे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, पण हे मी तिला सांगितलेले नाही.

क्लॉक मोठे आणि वॉच धाकटे, असे जगालाही फार दिवस वाटत होते. अठराव्या शतकात भर समुद्रात आपण पूर्वपश्चिम नेमके कुठे आहोत हे खलाशांना कळत नसे. त्यासाठी घरची वेळ अचूक सांगणारे घड्याळ बरोबर हवे. मग वर सांगितलेला एका अंशाला चार मिनिटांचा हिशेब लावला की झाले. पण डोलत्या जहाजावर लंबक चालणार कसा? इंग्रज पार्लमेंटने १७१४ साली वीस हजार पौंडांचे बक्षीस लावले. जॉन हॅरिसन नावाचा यॉर्कशायरकडचा सुतार त्याच्या मागे लागला. एकामागून एक तीन अवजड क्लॉक त्याने केले. एकट्या तिसऱ्यापायी एकोणीस वर्षे घालवली. आणि मग त्याच्या ध्यानात आले, की वाटच चुकली आहे. चौथे घड्याळ त्याने केले ते वॉच, पाच इंचांचे. १७६१ साली ते जमैकाच्या सफरीवर निघाले आणि एक्याऐंशी दिवसांनंतर, त्याची नेहमीची चाल हिशेबात धरून, जेमतेम पाच सेकंद मागे पडले. पार्लमेंटने बक्षिसाचे पैसे देताना मात्र म्हाताऱ्याला १७७३ पर्यंत ताटकळत ठेवले. सरकारी कचेरीतले घड्याळ कुठल्याही देशात मागेच असते.

इतके वाचून झाल्यावर मी कोश मिटला. दिवा घालवायला उठलो तेव्हा मनगटाकडे लक्ष गेले. मनगटावर अण्णांचे फेवर-ल्यूबा होते.

आमचे अण्णा गिरणीत टाइमकीपर होते. गिरणगावाचे क्लॉक म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंग्याने सगळे गिरणगाव उठायचे. भोंग्याच्या आधी अण्णा उठायचे. त्यांना कोण उठवायचे हे मला लहानपणी कधी कळले नाही. रात्री जेवण झाले की ते खिडकीपाशी उभे राहून घड्याळाला चावी द्यायचे. मोजून वीस वेळा. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोलायचे नाही. पूजा करताना ते कधीतरी मध्येच बोलत, पण चावी देताना कधीच नाही. मनगटी घड्याळ हे एके काळी बायकांचे लेणे समजत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांनी ते बांधले आणि मग पुरुषांची लाज गेली. अण्णांनी मात्र ते दागिना म्हणूनही बांधले नाही आणि शिपायासारखेही नाही. ते कामाला निघालेला माणूस डबा घेतो तसे बांधायचे.

१९५८ साली मला टायफॉइड झाला. मी आठ वर्षांचा. डॉक्टरांनी क्लोरोमायसेटिनच्या कॅप्सूल दिल्या होत्या, दर सहा तासांनी. त्यातली एक रात्री दोनची. वकीलकाकांच्या घड्याळाचे दोन टोले आमच्या घरात ऐकू येत, पण दिवसभराच्या कामाने आणि काळजीने दमलेल्या माणसाला दोन टोल्यांनी जाग येईलच असे नाही. म्हणून अण्णा झोपतच नसत. पहिल्या पाळीला जायचे असूनही. मनगटावरचे घड्याळ काढून ते कंदिलाशेजारी ठेवायचे आणि माझ्या अंथरुणापाशी भिंतीला टेकून बसायचे. मला तापात मध्येच जाग यायची. मी विचारायचो, ‘‘अण्णा, किती वाजले?’’

‘‘तुला काय करायचंय? मी बघतोय. तू झोप.’’

पुरे अकरा दिवस. मी झोपत होतो, ते बघत होते.

अण्णा १९८० साली निवृत्त झाले. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि भोंगे थांबले. अण्णा तरी पहाटे उठून बसायचे. आई म्हणायची, ‘‘आता कुणासाठी उठता?’’ ते काहीच बोलायचे नाहीत. घड्याळ कानाला लावून बघायचे आणि चहाचे आधण ठेवायचे.

१९८९च्या पावसाळ्यात ते इस्पितळात होते. घड्याळ मनगटावर राहीना, इतका हात बारीक झाला होता. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी ते स्वतः काढले, उशीवर टेकून चावी दिली आणि माझ्या हातात ठेवले. चावी किती वेळा फिरवली ते मी मोजले नाही, पण वीस नक्की झाली नसावी. रात्री दोनला त्यांना औषध द्यायचे होते. इस्पितळाच्या भिंतीवर चांगले मोठे घड्याळ होते, नर्सही होती. तरी मी स्टुलावर बसून त्या फेवर-ल्यूबाकडे डोळे लावून होतो. मध्येच त्यांनी डोळे उघडले.

‘‘किती वाजले रे?’’

‘‘तुम्ही झोपा, अण्णा. मी बघतोय.’’

हे वाक्य मी कुठून उचलले ते त्या वेळी माझ्या ध्यानातही आले नाही. पहाटे त्यांची घटका भरली. त्यांनी दिलेल्या चावीवर घड्याळ मात्र दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालत राहिले. थांबायच्या आत मी चावी दिली. तेव्हापासून देतो आहे.

इंग्रजीत ‘वॉच’ म्हणजे बघणे असाही अर्थ आहे, हे आपण पाचवीत शिकतो. जागणे, राखणे आणि बघणे या तिन्ही गोष्टी एका शब्दात का बसाव्यात, हे कळायला मला शब्दकोश आणि पंचाहत्तरी दोन्ही लागले.

सकाळी मी नातवाला बोलावले. बाबर, हॅरिसन आणि फर्ग्युसनसाहेब वगळून थोडक्यात सांगितले. त्याने वहीत त्याच्या इंग्रजीत लिहिले त्याचा अर्थ असा, ‘क्लॉक वाजते आणि सगळ्यांना वेळ सांगते. वॉच कोणा एकासाठी जागे राहते.’ मला ते उत्तर फार आवडले.

बाईंना तितकेसे आवडले नाही. वहीत अर्धा गुण आला. शेजारी लाल शाईत बरोबर उत्तर होते, भिंतीवरचे ते क्लॉक, मनगटावरचे ते वॉच.

‘‘पहिलंच सांगितलं असतंत ते लिहिलं असतं, तर दोन मिळाले असते,’’ सौ. म्हणाली. ‘‘तुमच्या इतिहासानं पोराचा दीड गुण गेला.’’

इतिहासाने याहून मोठी नुकसानी केलेली आहे, असे म्हणून मी गप्प बसलो.

त्याच आठवड्यात नातवाची परीक्षा सुरू झाली. आदल्या रात्री तो माझ्या खोलीत आला.

‘‘आजोबा, मला पहाटे पाचला उठवाल?’’

‘‘अरे, मोबाईलमध्ये गजर आहे ना?’’

‘‘लावलाय. पण तुम्ही उठवा.’’

तो गेला. मी खिडकीपाशी उभा राहून घड्याळाला चावी दिली. सौ. काहीतरी विचारत होती, पण माझे मोजून होईपर्यंत मी बोललो नाही.